निर्धास्त पाण्याची ओटी

“पाणी बघून ओटी भर गं. ज्या पाण्यावर पाखरू निर्धास्त बसलंय, त्याचीच. आणि तुझ्या चाहुलीनं ते उडालं, तर ओटी तशीच उचलून घरी आण. रडू नको, रागावू नको. परत जा.”

हा आवाज माझ्या सासूबाईंचा. नाव गंगव्वा, पण साऱ्या निपाणीला त्या अव्वा. वेदगंगेच्या काठावर गुडघाभर पाण्यात उभ्या राहून त्यांनी मला हे सांगितलं, तेव्हा मी नवी सून होते. लुगड्याला काचा कसा मारायचा हे सुद्धा मला धड येत नव्हतं. त्या पाण्यातल्या देवीला त्यांनी कधी नाव दिलं नाही. पाणीच ते, म्हणायच्या, नाव कशाला विचारतेस.

नंतर आम्ही बेंगळूरला आलो, राजाजीनगरात घर केलं, आणि नदी मागे राहिली. माझे नेम मात्र बरोबर आले. पहाटे दिवा लागेपर्यंत बोलायचं नाही, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही, मार्गशीर्षातले गुरुवार. या सगळ्यांत पाण्याची ओटी काही नव्हती. गेल्या उन्हाळ्यात अचानक ती आठवली.

माझी सून निधी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी इतकी लहान की तिच्या दंडात माझी अंगठी बसली असती. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. आम्ही बाहेरच्या बाकावर. आमचे हे चहा आणायला गेले होते, मुलगा अवधूत डॉक्टरांच्या मागे धावत होता. मला पाठ असलेली सगळी स्तोत्रं त्या बाकावर एकाएकी विसरली. डोळे मिटले तर अव्वा दिसल्या, पाण्यात उभ्या. मी मनातल्या मनात हात जोडले. पोरीला घरी येऊ दे. तिचा हात लावून तुझी ओटी भरीन. तोवर भात खाणार नाही.

पोर घरी आली. शाल्मली नाव ठेवलं. मी राजाजीनगरातून येलहंक्याला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. आमचे हे म्हणाले, खुशाल जा, मी आणि कुकर दोघं बरे आहोत.

बाळ अंगाने भरत गेलं. आणि मग दुसरीच काळजी दारात आली. दवाखान्यातून निघताना तिच्या कानांची तपासणी केली, ती नीट आली नाही. दुसऱ्या वेळी ती इतकी रडली की यंत्राला काही समजेना. डॉक्टरांनी मोठ्या तपासणीची तारीख दिली. झोपेत डोक्याला तारा लावून करायची असते म्हणे. तोवर घरी लक्ष ठेवा, म्हणाले.

लक्ष ठेवा एवढंच ते बोलले. पण आईला असं सांगितलं की काय होतं, ते मी रोज बघत होते. निधी नागपूरची. हसरी, बडबडी पोर. कॉम्प्युटरवर काम करताना सुद्धा गुणगुणायची. ती आता घरभर चमचा आणि स्टीलची वाटी घेऊन हिंडायची. बाळ पाळण्यात पडलेलं असलं की हळूच मागे जाऊन वाटी वाजवायची. बाळ आपल्या मुठीकडे बघत पडून राहायचं. येलहंक्याला विमानदलाचा तळ आहे, सरावाची विमानं अगदी गच्चीवरून गेल्यासारखी जातात, खिडकीच्या काचा थरथरतात. विमान आलं की निधी हातातलं काम टाकून बाळाच्या पापण्यांकडे बघत उभी राहायची. पापणी हलायची नाही. विमान जायचं, निधी परत लॅपटॉपसमोर बसायची. गुणगुणणं मात्र बंद झालं होतं.

मी पूजेला बसले की तेच. घंटा वाजली की स्वयंपाकघरातली भांडी थांबायची. निधी दाराशी येऊन बाळाकडे बघायची, आणि तिचा चेहरा असा व्हायचा की देवासमोर बसलेल्या मला आरतीचे शब्द जड व्हायचे. एके दिवशी मी घंटेच्या लोलकाला कापूस गुंडाळला आणि दोऱ्याने बांधला. देवाला म्हटलं, स्वल्प सांभाळून घे. इथल्या रिक्षावाल्यांकडून शिकलेला शब्द आहे हा, पण देवाशी बोलतानाही बरा पडतो. निधीने ती मुकी घंटा बघितली. त्या दिवशी माझ्या ताटात तिने दोन गरम भाकऱ्या जास्त वाढल्या.

भाकरीवरूनच पुढचं निघालं. आमच्या ह्यांनी फोनवर थट्टेत म्हटलं, “निधी, तुझ्या सासूबाई उन्हाळ्यापासून भात खात नाहीत. त्यांच्या वाटणीचा मला पाठवत जा, माझा कुकर रुसलाय.”

तिने फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं होतं, हिला हे सारं खुळं वाटेल. म्हणून तर सांगितलं नव्हतं. तिला राग आला होता, पण वेगळाच.

“आई, माझ्या पोरीसाठी तुम्ही एवढं करून राहिल्या, आणि काहून सांगितलं नाही मला?”

मी म्हटलं, बाळाला घेऊन पाण्यावर जावं लागेल. तू तिला बाल्कनीतही नेत नाहीस. कसं सांगू?

ती पाळण्याची दोरी ओढत म्हणाली, तपासणी गुरुवारी आहे. त्याच्या आधी रविवारी जाऊ. नंतर काय कळेल आणि नंतर मला कुठे जावंसं वाटेल की नाही, माहीत नाही.

पाखरू निर्धास्त बसलंय असं पाणी या शहरात शोधायचं म्हणजे सोपं काम नव्हे. तळी पुष्कळ आहेत, पण कुठे फेस तरंगतो, कुठे काठावर व्यायामाची गाणी लागलेली असतात. समोरच्या घरातल्या भव्याने सांगितलं की गावाबाहेरच्या रस्त्याला एक जुनं तळं आहे, पक्ष्यांसाठी राखलेलं. तिथे होडी नाही, भेळ नाही, म्हणून फारसं कुणी जात नाही. ते ऐकूनच मला बरं वाटलं.

अवधूत त्या आठवड्यात कामाला पुण्याला गेला होता. आम्ही दोघीच रिक्षाने निघालो, उजाडता उजाडता. निधीने बाळाला कापडी झोळीत छातीशी बांधलं होतं, डोक्यावर टोपी. माझ्या पिशवीत ओटीचं सगळं: खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, काचेच्या हिरव्या बांगड्या. आणि घंटा. वाजवायची नाही हे मनाशी पक्कं होतं, पण पूजेला घंटा सोडून जायचं मला जमेना. निघताना तिचा कापूसही काढला. मुकी घंटा घेऊन पाण्यासमोर कसं जायचं, असं वाटलं.

फाटकाशी एक पहारेकरी स्टुलावर बसला होता, कानटोपी घालून. त्याने पिशवी उघडायला लावली आणि कानडीत विचारलं, नारळ कशाला. मी सांगितलं. माझं कानडी ऐकून त्याने मान वाकडी केली आणि एकदम मराठीत आला. निपाणीकडचं का तुम्ही, मी संकेश्वरचा, मग आपण घरचंच की. नाव बसवंत. पण घरचं असलं तरी नियम तो नियम. पाण्यात काहीही सोडायचं नाही, अक्षता सुद्धा नाहीत. मागे कुणी पिशव्याच्या पिशव्या निर्माल्य टाकून गेलं, ते त्याला पाण्यात उतरून काढावं लागलं होतं.

माझं तोंड उतरलेलं बघून तो म्हणाला, “अक्का, देवळात तरी काय हो, पुजारी ओटी देवीला टेकवतोय आणि आपल्याच पदरात घालतोय की. तुम्ही पाण्याला टेकवा आणि परत न्या.”

हे मला पटलं. अव्वांनाही पटलं असतं.

आत गेलो तर पायवाट ओलसर मातीची, दोन्ही बाजूंना बांबूची बेटं. शहर मागे कुठे बंद झालं ते कळलंच नाही. बांबू संपले आणि पाणी समोर आलं. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. कडेने उंच लव्हाळी, मधे उथळ पाणी, आणि पाण्यात वाळलेली झाडं, त्यांच्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले, वाळत घातलेल्या कपड्यांसारखे. बगळे होते, पाणकोंबड्या होत्या, आणि अलीकडच्या बाजूला बदकांचा केवढा तरी थवा, एकमेकांना चिकटून, माना पाठीत खुपसून झोपलेला. मी कितीतरी वर्षांनी अशी झोप बघितली. कुणाची भीती नसलेली.

तेवढ्यात विमानदलाच्या तळावरून विमान उठलं. धडधडत डोक्यावरून गेलं. मी बदकांकडे बघितलं. एकानेही मान काढली नाही. निधीने बाळाकडे बघितलं. बाळ झोळीत जागं होतं, आईच्या ओढणीचा कोपरा चोखत होतं. त्याच्याही तोंडावर काही नाही. निधी दुसरीकडे वळली.

मी काठावर बसले. पाट नव्हता, पदर पसरला. खण ठेवला, त्यावर नारळ, तांदूळ, बांगड्या. हळदीकुंकू वाहिलं. निधी शेजारी टेकली आणि बाळाचा हात धरून नारळाला लावला. बाळाने नारळाच्या शेंडीतली एक काडी घट्ट धरली, सोडेना. आम्ही दोघी हसलो, अगदी दबक्या आवाजात. कितीतरी दिवसांनी हसलो. सगळं अव्वांनी सांगितलं तसं चाललं होतं. पाखरू निर्धास्त होतं. आता ओंजळीने ओटी उचलायची, पाण्याला टेकवायची, की झालं.

आणि नैवेद्य दाखवायला गूळ पुढे केला तसा माझ्या डाव्या हाताने घंटा उचलली.

हाताला कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं उजवा हात नैवेद्यावरून फिरतो आणि डावा घंटा वाजवतो, त्यांचं ते दोघे बघून घेतात. पहिला टोल निघाला आणि मी गोठले. पण घंटेचा आवाज पाण्यावर गेला होता.

बदकांनी माना काढल्या. क्षणभर काही नाही. मग सारा थवा एकदम उठला. पंखांचा आवाज असा की कुणीतरी मोठं जाड कापड मधोमध फाडावं, आणि वर त्यांची शिट्टीसारखी ओरड. बगळे उठले, पाणकावळे फांद्यांवरून पाण्यावर आपटत निघाले. पाणी रिकामं झालं. मी घंटा पोटाशी धरून बसले. माझ्या मनात एकच आलं: माझ्याच हाताने मोडलं.

“आई.”

निधी इतक्या हळू बोलली की मला वाटलं ती रागावली.

“आई, हिच्याकडे बघा.”

शाल्मलीने ओढणी सोडली होती. तिची मान वळली होती. पक्षी उजवीकडून उठून वर चालले होते आणि तिचं टोपी घातलेलं डोकं त्यांच्या बाजूला वळून, थोडं हलत, तिथेच राहिलं होतं. डोळे मोठे झालेले. एक उशिरा उठलेलं बदक लव्हाळ्यातून ओरडत निघालं, ते मला तर दिसलंही नाही, नुसतं ऐकू आलं. बाळाने मान परत त्या बाजूला नेली.

आम्ही दोघी हललो नाही. निधीच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून बाळाच्या टोपीवर पडत होतं आणि ती ते पुसत नव्हती, हात हलवला तर काही मोडेल म्हणून. मी मनात म्हणत होते, बघितलं ना मी? मलाच दिसलं ना? मग बाळाने जांभई दिली.

थोड्या वेळाने निधी नाक ओढत म्हणाली, टेकवा ना आता ओटी. भरून पावले, आई, टेकवा.

मी पाण्याकडे बघितलं. लाटा काठाला लागून विरत होत्या. एक पाखरू नव्हतं. मी खणाच्या चारी बाजू दुमडायला घेतल्या.

“उडालं ना गं पाखरू. आज नाही घेता येत.”

“पण त्यांच्या उडण्यामुळेच तर...”

“हो. पाण्यातल्या देवीने आधी देऊन टाकलं. माझं द्यायचं राहिलं.”

निधी माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ही आता वाद घालेल, शिकलेली मुलगी आहे. पण तिने बाळाच्या मुठीतून नारळाची काडी सोडवली, ती माझ्या पिशवीत ठेवली, आणि पाण्याकडे तोंड करून, शेजाऱ्याला सांगावं तसं म्हणाली, “आम्ही परत येऊ. घंटा घरी ठेवून येऊ.”

फाटकाशी बसवंत कमरेवर हात ठेवून उभा होता. थवा उठलेला त्याने बघितला होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, अक्का, इथे घंटा वाजवणाऱ्या तुम्ही पहिल्याच, बाकीचे लोक स्पीकर आणतात. मी विचारलं, एवढं विमान गेलं तेव्हा कसे उडाले नाहीत हो.

“विमान त्यांच्या रोजच्या ओळखीचं झालंय. तुमची घंटा नवी, पाहुणी.” मग निधीच्या रडक्या डोळ्यांकडे बघून घाईने म्हणाला, “दुपारपर्यंत येतील परत. कुठं जातात, घर हेच त्यांचं.”

गुरुवारी तपासणी झाली. माझा मार्गशीर्षातला गुरुवार होता, उपास होता, त्यामुळे दवाखान्यात बसणं म्हणजे देवघरातच बसण्यासारखं झालं. बाळ झोपलं, तारा लावल्या, पडद्यावर रेघा आल्या. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सावकाश सांगितलं. उजवा कान चांगला आहे. डाव्या कानाला कमी ऐकू येतं, त्याच्यावर लक्ष ठेवू, पुढे लागलं तर यंत्र लावू, पण बोलणं, शिकणं अडू नये. निधीने वाटीचं सांगितलं, विमानाचं सांगितलं, आणि तळ्यावरचंही. बाईंनी विचारलं, पाळण्यात ही कोणत्या कुशीवर झोपते?

उजव्या. पेटीत असल्यापासून ती उजव्याच कुशीवर झोपते. चांगला कान गादीत, आणि आम्ही सारा दिवस डाव्या कानाला हाका मारत होतो. झोळीत मात्र डावा कान आईच्या छातीशी होता आणि उजवा मोकळा. आणि रोज कानावर पडणाऱ्या आवाजाला मुलं दाद देत नाहीत, बाई म्हणाल्या, विमान तिला सवयीचं झालं असेल.

निधीने माझ्याकडे बघितलं. दोघींनाही बसवंतच आठवला.

डाव्या कानाचं मला वाईट वाटलं नाही असं नाही. घरी येऊन मी देवासमोर बसले तेव्हा आधी तेच डोळ्यांत आलं. पण त्याच्या मागून दुसरं आलं आणि ते मोठं होतं. काचेच्या पेटीतली ती पोर, जिच्या दंडात अंगठी बसली असती, ती आता आपल्या आईचा आवाज ऐकणार होती. मी याहून जास्त मागितलंच कधी होतं? मी तर फक्त घरी येऊ दे म्हटलं होतं.

संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी निधी बाळाला घेऊन देवघराशी आली. तिने बाळाला डाव्या खांद्याशी धरलं, उजवा कान मोकळा राहील असं. मग घंटा उचलली आणि हळूच एकदा वाजवली. शाल्मलीने मान वळवली आणि घंटेकडे इतक्या रागाने बघितलं की निधी मोठ्याने हसली. मग ती स्वयंपाकघरात गेली, आणि कांदा चिरता चिरता तिचं गुणगुणणं ऐकू आलं. मी आरती म्हणत होते, ती मधेच विसरले. देव समजून घेईल.

आमच्या ह्यांना फोन केला. ते म्हणाले, आता तरी भात खाशील ना? मी सांगितलं, अजून नाही, पाखरू उडालं. ते म्हणाले, अव्वा गेली तरी तिची हुकमत गेली नाही. पण आवाज ओला होता.

शनिवारी पहाटे मी नेहमीसारखी उठले. अंधार होता. दिवा लागेपर्यंत माझं मौन असतं. आज जायचं असं मी कुणाला बोलले नव्हते, सुट्टीच्या दिवशी निधीला उठवावं का, या विचारात होते. बैठकीच्या खोलीत आले तर ती तयार बसलेली. बाळ झोळीत, टोपी घालून, गाढ झोपेत. ओटीची पिशवी तिच्या शेजारी, खण नीट घडी घातलेला, नारळाची ती सुटलेली काडी सुद्धा वर ठेवलेली. तिने हातातल्या बांगड्या काढून टीपॉयवर ठेवल्या होत्या. फोनही तिथेच. घंटा देवघरात होती, जागच्या जागी.

मी तोंड उघडलं नाही, तिनेही नाही. मी दिवा लावला, तुळशीला पाणी घातलं. मीही माझ्या दोन बांगड्या काढल्या आणि तिच्या बांगड्यांशेजारी ठेवल्या. पाटल्या एकमेकींवर वाजत नाहीत, त्या राहू दिल्या.

आमच्या इमारतीची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर टिंग करते. निधी लिफ्टकडे गेली नाही. तिने चपला हातात घेतल्या, पिशवी खांद्याला लावली, झोळीवर एक हात ठेवला आणि अनवाणी पावलांनी जिना उतरू लागली.